चोकखालचं रबर

नाना, आईच्या ओट्यावरची लाईट गेली. ट्यूब नव्हे, आतला चोक जळाला. तुम्ही लावलेली ती ट्यूबची दोन फुटी पट्टी तुमच्यामागेही इतकी वर्षं चालली आणि दिवाळीच्या तोंडावर, आई भाकरी थापत असताना, जळका वास येऊन बंद पडली. भाऊ धुळ्याहून नवी घेऊन आला, चहा होईपर्यंत बसवली, जुनी माळ्यावर टाकली आणि गेला. त्याचं काही चुकलं नाही म्हणा. तुमच्या लाईट दुरुस्तीच्या दुकानात तो कधी टिकलाच नाही, त्याला काय बोलणार! मग जळगावला मला आईचा फोन आला. "हाई लाईट मुकी शे व माय. घर बठ्ठं सुनं लागस." मी म्हटलं, अगं, लाईट काय बोलते का? आणि म्हणता म्हणताच कळलं, ती जुन्या पट्टीच्या गुणगुणीबद्दल बोलतेय. शनिवारी येते, एवढंच म्हणून फोन ठेवला.

पाचोऱ्याला आईकडे पोचले, मेन स्विच पाडला आणि दोन्ही पट्ट्या फरशीवर शेजारी शेजारी मांडल्या. हातात टेस्टर तुमचाच, दहावीनंतर घड्याळाऐवजी दिलेला. तेव्हा मी किती फुगून बसले होते, आठवतं ना? जुनी पट्टी उचलायला अजून दोन हात लागतात. जाड पत्रा, हात कापू नये म्हणून कडा आत वळवलेल्या. होल्डर स्क्रूने बसवलेले, एक फुटला तर तेवढाच बदलायचा. स्टार्टर बोटांनी फिरवला की बाहेर. आणि तांब्याच्या तारेचा तो जडशीळ चोक. नवी उचलली तर रिकामं खोकं वाटलं. पांढरं प्लॅस्टिक, पेन्सिलीसारखी बारीक ट्यूब, स्क्रू औषधालाही नाही, नुसते खटके. उघडायला गेले तर एक खटका तुटलाच. आत चोकच्या जागी एवढीशी हिरवी पाटी आणि तिच्यावर चिकटवलेले चार दाणे. खोटं कशाला बोलू, लागते चटकन, लुकलुकत नाही, वीजही कमी खाते. पण बिघडली की फेकायची, आणि आवाज म्हणाल तर हूं नाही की चूं नाही.

जुन्या चोकखाली मला रबर सापडलं. सायकलच्या ट्यूबचा कापलेला तुकडा, वाळून पापडासारखा कडक झालेला. आणि मला तो दिवस दिसायला लागला. आई वांगी भाजतेय, घरभर धूर, वर पट्टी गुणगुणतेय आणि आई कावलीय, "दुनियाना लाईट दुरुस्त करतस, घरना काय दिखस नही! मनं डोकं उठनं!" तुम्ही स्टुलावर चढता, दातांत स्क्रू धरता, माझ्याकडून रबराचा तुकडा मागून घेता आणि चोकखाली सरकवता. गुणगुण थांबते. तुम्ही आईकडे बघून नुसत्या भुवया उडवता, आणि ती पदर तोंडाला लावून हसते. तसं हसताना मी तिला नंतर फार पाहिलं नाही.

तुम्ही गेल्यावर कधीतरी ते रबर वाळलं आणि गुणगुण परत सुरू झाली. आईने एकदाही तक्रार केली नाही. मी म्हणायचे, दुरुस्त करून देऊ का? तर म्हणायची, राहू दे. मी समजायचे, म्हातारपणी हट्टी झाली. अहो, त्या आवाजात ती इतकी वर्षं स्वयंपाक करत होती, आणि तो परत मिळवून देणं आता माझ्यावर आलं होतं.

तसला चोक कुठे मिळतो आता! जळगावात दुकानदार हसला. "ताई, आता ट्यूबच कुणी घेत नाही, बठ्ठं एलईडी." शेवटी भावाने धुळ्यात एका जुन्या दुकानाच्या फळीवरून धूळ झटकून आणला. मला वाटलं होतं चिडेल, पण नीट कागदात गुंडाळून दिला त्याने. पाचोऱ्याला परत येऊन मी रबर न घालता चोक आवळून बसवला, बटण दाबलं. ट्यूब दोनदा लुकलुकली, लागली, आणि गुणगुण मात्र नाही! चोक चांगला निघाला, मेला. मग बटण बंद केलं, पुन्हा स्टुलावर चढले आणि चोकचा एक स्क्रू ढिला केला. तुम्ही असता तर हातावर फटका दिला असता.

आई दारात पाठमोरी मेथी निवडत बसली होती. मी स्टुलावरूनच विचारलं, "आई, आता बघ गं, येतो का आवाज?"

"हा, येस ना. आते येस आवाज," ती म्हणाली, खूप निवांतपणे.

मी अजून बटण दाबलंच नव्हतं, नाना.

खाली उतरले, दाबलं. या वेळी खरंच गुणगुण सुरू झाली, अगदी तशीच. आईने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, मेथी निवडत राहिली. तिला तो आवाज ऐकू येतो की नाही, मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. हे भावालाही सांगितलेलं नाही, नुसतं तुम्हाला लिहून ठेवतेय. पण मला आला ऐकू. ती मेथी घेऊन आत आली तरी मी तिथेच, ओट्याला टेकून, रडत उभी होते.