डॉटच्या पुढे काय

२ सप्टेंबर, बुधवार
मेहुणीचं सर्व्हिस सेंटर बंद पडलं. मिक्सर, इस्त्री, पंखे, काहीही द्या, चालू करून देणारी मुलगी. आता आमच्या बाहेरच्या खोलीत बसून भिंतीकडे बघतेय. लांबच्या शहरातल्या एका कंपनीनं बोलावलंय तिला. महिनाअखेरीला हो की नाही ते कळवायचंय. बायकोचं तोंड एवढंसं झालं. दोघी बहिणी कधी लांब राहिलेल्या नाहीत.
जेवता जेवता मी जाहीर केलं, कुणी कुठे जायचं नाही, मी स्टार्टअप काढतोय. लोकांच्या घरून बिघडलेल्या वस्तू आणायच्या, दुरुस्त करून पोचवायच्या. हात तिचे, डोकं माझं. मेहुणी म्हणाली, खरंच, भाऊजी? डोळ्यांत पाणी होतं पोरीच्या. बायकोनं न मागता चहा केला.

३ सप्टेंबर, गुरुवार
नाव सुचलं. अंघोळ करताना. जबरदस्त आहे. इथेही लिहीत नाही. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, हातात येईपर्यंत कुणालाही सांगायचं नाही, लोक टपलेलेच असतात. बायकोलाही नाही सांगितलं. ती म्हणाली, मग गिऱ्हाइकांना काय सांगायचं? धंद्यातलं कळत नाही तिला.
डॉट कॉम गेलंय. कुणीतरी घेऊन नुसतं ठेवून दिलंय. हरकत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत डॉटच्या पुढचं दुसरं एक्स्टेन्शन फायनल.

६ सप्टेंबर, रविवार
फायनल नाही, पण चित्र स्पष्ट होतंय. डॉट नेट जुनाट वाटतं. डॉट शॉप नको, आपण दुकान नाही, प्लॅटफॉर्म आहोत. डॉट क्लब म्हटल्यावर बायकोनं विचारलं, पत्ते खेळायचेत का? डॉट एआय भारी आहे. मेहुणी म्हणाली, मिक्सरमध्ये एआय कुठे असतो? म्हटलं, येईल पुढे.

१० सप्टेंबर, गुरुवार
मार्केट सर्व्हे केला. अर्थात नाव गुप्त ठेवून. ऑफिसात साहेबांना विचारलं, डॉट टेक की डॉट प्रो? ते म्हणाले, कालची फाइल कुठाय? कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारलं. त्यानं दोन फळ्या शोधल्या आणि म्हणाला, संपलंय, उद्या मागवून ठेवतो. सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, तुम्ही ठरवाल ते, जावईबापू, फक्त पोरगी जवळ राहू दे. भावनेच्या भरात माणसं मुद्द्याचं बोलत नाहीत.
बहुमत डॉट टेकला. मत एकच पडलं, माझं, पण ठाम.

१४ सप्टेंबर, सोमवार
तळमजल्यावरच्या काकू बंद पडलेला मिक्सर घेऊन दारात. मी गोडीनं समजावलं, काकू, आपण अजून लाँच झालेलो नाही. लाँच म्हणजे काय ते सांगितलं. पहिली छाप किती महत्त्वाची असते ते सांगितलं. माझं बोलणं संपेपर्यंत मेहुणीनं मोटरमधले कार्बन बदलून मिक्सर फिरवूनही दाखवला. काकू खूश. मी नाही. मेहुणीला बाजूला घेऊन म्हटलं, असं करत बसलीस तर लोकांना सवय लागेल. हो भाऊजी, म्हणाली. गुणी आहे.

१८ सप्टेंबर, शुक्रवार
डॉट टेक रद्द. डॉट प्रो. ऐकायला कसं चटपटीत.
ऑफिसच्या राजीनाम्याचा मसुदा तयार आहे. खाली नवा ईमेल टाकायचा, तेवढ्यावरच घोडं अडलंय. बायको म्हणाली, महिना संपत आला, तिनं काय कळवायचं ते तरी सांग. म्हटलं, विश्वास ठेव.
बाहेरच्या खोलीत पंखे फार साठलेत. लॅपटॉप ठेवायला जागा नाही. कुणाचे आहेत ते विचारायला हवं.

२३ सप्टेंबर, बुधवार
डॉट प्रो घ्यायला बसलो. कार्टमध्ये टाकलं. एक वर्षासाठी की पाच? विचार करत होतो, तोवर वेबसाइटनंच मला बाहेर काढलं. परत गेलो तर डॉट प्रो गेलेलं. म्हणतच होतो, लोक टपलेले असतात.
त्यात सारखी दाराची बेल. कुणाची इस्त्री, कुणाचा टेबलफॅन. बायको फोनवर पत्ते उतरवून घेत होती. मी ओरडलो, इथे कंपनी उभी राहतेय, जरा आवाज कमी करा. दोघी मुकाट्यानं सगळा पसारा उचलून गॅलरीत गेल्या. घरच्यांचं सहकार्य असलं की निम्मं काम होतं.

२९ सप्टेंबर, मंगळवार
उद्या शेवटचा दिवस. मेहुणीनं उद्या कळवायचं. बायको स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत होती. आतून तुटली असणार, दाखवत नाही. मला भरून आलं. पोरगी गेली तर ती माझ्यामुळे जाईल, हे मला कळतंय. उद्या काही झालं तरी एक्स्टेन्शन घ्यायचंच.

३० सप्टेंबर, बुधवार
घेतलं. डॉट ऑनलाइन. जेवणाच्या सुट्टीत. साहेबांना पोटदुखीचं सांगून घरी पळालो. दारातूनच म्हटलं, जाऊ नकोस, डोमेन मिळालं.
मेहुणी पंख्याचं पातं पुसत होती. म्हणाली, भाऊजी, मी तर त्यांना गेल्या आठवड्यातच नकार कळवला, इथलंच काम उरकत नाहीये. बायको म्हणाली, तुला सांगितलं होतं, तू कार्ट कार्ट करत होतास.
एकदम हसू आलं आणि रडूही. राहतेय ती, बास. माझ्यावर विश्वास होता म्हणूनच इतक्या आधी नकार कळवला असणार. तसं तोंडावर बोलून दाखवत नाहीत घरचे.

४ ऑक्टोबर, रविवार
सकाळी १०. वेबसाइट सुरू. दोघींना बसवून नाव जाहीर केलं. शांतपणे ऐकून घेतलं दोघींनी. मग म्हणाल्या, छान आहे, पण लोक 'दुसऱ्या मजल्यावरच्या ताई' म्हणतात, तेच राहू दे. जगासाठी एक नाव, बिल्डिंगसाठी एक. मोठ्या कंपन्यांचं असंच असतं. राजीनामा तूर्त पुढे ढकलला. साहेबांना धक्का नको.
दुपारी ३. बाहेर पडता पडता बायकोनं एक इस्त्री समोरच्या बिल्डिंगमध्ये पोचवायला सांगितली. निघतोच. फोन सायलेंटवर ठेवलाय, लक्ष फक्त वेबसाइटच्या इनबॉक्सवर.
४.१०. आली. वेबसाइटवरून पहिली चौकशी आली. हात जोडले. जशीच्या तशी उतरवून ठेवतो: 'फोन उचल. समोरच्या आजी तासभर इस्त्रीची वाट बघताहेत. येताना सोल्डरिंगची तार आण.' नावाच्या रकान्यात लिहिलंय, बायको.
ताबडतोब उत्तर पाठवलं: चौकशीबद्दल आभार, आमचा प्रतिनिधी निघाला आहे. मग चपला शोधल्या आणि इस्त्री घेऊन निघालो.