गुरुवारचा शब्बाथ

प्रिय पप्पा,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले आणि आज लिहायला बसले आहे, तेही मराठीत! तुम्हीच म्हणायचात ना, "सिपोरा, भांडायचं असेल तर मराठीत भांड. मला कळणार नाही, तुला बरं वाटेल." तर भांडायचंच आहे. सासऱ्याशी भांडायचं राहून गेलं म्हणून हळहळणारी सून इथल्या अख्ख्या वॉन शहरात मी एकटीच असेन.

काल नोआने मला बेसमेंटमध्ये बोलावलं. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तुमच्या या नातीने तुमचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. "मम्मा, यू नीड टू हिअर धिस," म्हणाली आणि माझ्याजवळ बसून राहिली.

मग तुमचा आवाज. पंधरा वर्षांचे तुम्ही, नाझींच्या छावणीत, वडिलांबरोबर. त्यांच्याकडे ना पुस्तक, ना मेणबत्ती. ते मनातल्या मनात दिवस मोजायचे आणि दर शुक्रवारी, दिवस मावळताना शब्बाथ, आपला शनिवारचा विश्रांतीचा पवित्र वार, सुरू झाला की पावाच्या तुकड्यावर हळूच आशीर्वाद पुटपुटायचे. एकदा मुकादमाच्या खोलीत झाडू मारताना तुम्हाला रोज पान फाडायचं कॅलेंडर दिसलं. वडिलांची मोजणी एका दिवसाने चुकली होती! त्यांचा शुक्रवार म्हणजे खरा गुरुवार.

तुम्ही सांगितलं नाहीत. त्या मोजण्यावरच ते तग धरून होते. हिवाळा सरायच्या आत ते गेले. "माझ्या गप्प बसण्याला कारण होतं," तुम्ही नोआला सांगता, "देवाच्या गप्प बसण्याला काय कारण होतं?" त्यानंतर तुम्ही कधी प्रार्थना केली नाहीत.

एवढं पोटात ठेवून तुम्ही वीस वर्षं माझ्या हातचं जेवलात, पप्पा? शुक्रवारी मी दिवा लावायला घेतला की तुम्हाला नेमकं ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचं सुचायचं. उन्हाळ्यात बर्फ नसला की गराजमध्ये जाऊन विंटर टायर तपासायचात! आम्ही आपले हसायचो.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी तुम्हाला आमच्या बेने इस्रायली ज्यूंची गोष्ट सांगितली होती, आठवतं? कोकणच्या किनाऱ्यावर पूर्वजांचं गलबत फुटलं, पोथ्या बुडाल्या, प्रार्थनासुद्धा विसरल्या. पण शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायला विसरले नाहीत, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. तुमचे प्रश्न संपेनात! वार कोण मोजायचं? घरातली सगळी तापाने झोपली तर? आणि शेवटी, "समजा, एक दिवस चुकला असता, तर ते सगळे शब्बाथ फुकट?"

मी काय म्हणाले? कांदा चिरता चिरता म्हणाले, "फुकटच! शनिवार म्हणजे शनिवार, पप्पा." तुम्हीही हसलात आणि पाणी प्यायला उठलात.

आता कळतंय तो प्रश्न कुणासाठी होता, आणि जीव नुसता तळमळतोय. तिथल्या तिथे का नाही सांगितलंत? निदान रागवायचं तरी होतंत!

वार कोण मोजायचं, याचं उत्तर मला आज सापडलं. अहो, गाव मोजायचं! आठवड्याचा बाजार, शेजारीण, घाण्यावर येणारं गिऱ्हाईक. एखाद्याचा वार चुकला तर कुणीतरी हसून सांगायचं. तुमच्या वडिलांना तिथे कुठला शेजार? त्यांचं सगळं गाव म्हणजे तुम्ही एकटे होतात, आणि त्या गावाने त्यांच्यावर माया केली.

देवाचं मला काही सांगता येत नाही. तुम्हाला वळवायचा बेतही नाही. 'माझ्यासाठी प्रार्थना नको' म्हणालात, आम्ही केली नाही, करणारही नाही. पण वडिलांबद्दल तुम्ही काही बजावलं नव्हतंत.

तेव्हा माझा शब्द घ्या. शुक्रवारचा दिवा लागेलच, पण त्याच्या आदल्या संध्याकाळीही मी ग्लासात पाण्यावर खोबरेल तेल ओतून वात लावीन आणि पाव मोडीन. नोआ म्हणाली, "बट मम्मा, ऑन अ थर्सडे?" म्हटलं, हो. तुझ्या पणजोबांचा शब्बाथ गुरुवारीच असतो.

तुमची सून,
सिपोरा