तेरापर्यंत तपासलेला आकडा

७ मार्च

ती आली! मामाच्या बाइंडिंगच्या दुकानात, प्रकल्प बांधून घ्यायला. कॉलेज सोडून पाच महिने झाले, तरी ती दिसली की हातातला ब्रश खळीतच राहतो.

आणि प्रकल्प कशावर? माझ्या आकड्यांवर! ३१, ३३१, ३३३१… पुढे एक-एक तीन वाढवत जा, प्रत्येक संख्या मूळ. कशानेच भाग जात नाही! यावरूनच तर गणिताच्या सरांशी वाजलं. ते म्हणाले, "सात जमल्या म्हणजे नियम होत नाही." मी म्हणालो, "मग आठवी फोडून दाखवा!" भर वर्गात. दप्तर उचललं ते उचललंच.

जाताना तिने विचारलं, "आठवी तू स्वतः तपासलीस ना? नक्की?"

"तपासली!"

८ मार्च

इथे तरी खरं लिहावं. सात तपासल्या, अगदी जीव काढून. आठवी — ३३,३३,३३,३३१ — तीन, सात, अकरा, तेराने भागून पाहिली आणि कंटाळलो. सात मूळ निघाल्या, आठवी कुठे जातेय!

९ मार्च

तिची प्रत शिवून झाली. कण्यावरची खळ सुकेपर्यंत हाताला काम नव्हतं. कातरणाच्या पट्टीवर सहज सतराने भागायला घेतलं.

बाकी शून्य.

पुन्हा केलं. शून्य! मामाचा कॅल्क्युलेटर घेतला — १,९६,०७,८४३. उलट गुणलं. तोच आकडा, शेवटच्या एकासकट!

तेराच्या पुढची मूळ संख्या सतराच की! एकच पायरी! एवढ्यासाठी कॉलेज सोडलं मी?

मामा म्हणाला, "काय रे, भूत पाहिलंस? कॉलेज सुटलं, पण भागाकार काही सुटेना तुझा!"

हसू कुठलं येतंय. उद्या हीच प्रत सरांच्या टेबलावर. माझ्या एका शब्दावर ती तोंडघशी पडणार, तेही त्यांच्यापुढे!

दुपारी — आठव्या संख्येचं पान काढून टाकायला बाइंडिंग उसवलं. मामा ओरडला, "डोकं फिरलंय का तुझं!" पानं चाळत गेलो. एक्केचाळिसावर तिचं वळणदार अक्षर: 'आठवी संख्या मूळ नाही. १७ × १,९६,०७,८४३. नमुना इथे मोडतो.'

ठाऊक होतं तिला! परवा मला विचारताना ठाऊक होतं! आणि मी छाती काढून — "तपासली!"

१० मार्च

पुन्हा शिवलेली प्रत तिच्यापुढे ठेवली. म्हणालो, "तपासली नव्हती."

तिने प्रत पिशवीत घातली. मग म्हणाली, "घरी तुझ्याबद्दल सांगून बसलेय रे मी. मुलगा तापट आहे, शिक्षण अर्धवट टाकलंय, पण खोटं बोलत नाही."