पँटचा डावा पाय

थोरल्या,

आज ऑफिसच्या वर्षअखेरच्या जेवणाला घालायची तुझी नवी पँट दाराला टांगली आहे. उजवा पाय मापात दुमडून शिवला आहे. डावा मुद्दाम तसाच ठेवला आहे. तो जमिनीवर लोळेल.

माझा पाय मोडून मी दवाखान्यात पडले होते, तेव्हा तू माझं शिवणयंत्र भंगारात दिलंस. घरी आले तर त्या जागी तुझा टीव्ही. "आई, आता तुझं शिवण संपलं," म्हणालास, तेही त्या टीव्हीच्या आवाजावर ओरडून. मी ते विसरलेले नाही.

खालच्या इस्त्रीवालीने भंगारवाल्याच्या गाडीवरून मशीन उतरवून घेतलं. मी खाली बाकावर गप्पा छाटत बसते असं तुम्हा घरच्यांना वाटायचं, तेव्हा ती मला मशीनवर बसवून पाय चालवायला लावायची. "मावशी, हलवा पाय, नाहीतर मशीनच्या आधी तुम्ही गंजाल." असल्या मेल्या वर्षात ती भेटली, हे तिचे उपकार मी जन्मभर मानीन.

आजपासून मी तिच्या दुकानात शिवायला बसते आहे. नव्या वर्षाची कामं आत्ताच येऊन पडलीत. तुझं दुपारचं जेवण झाकून ठेवलं आहे.

पँट घेऊन खाली ये आणि रांगेत उभा राहा. पाळी आली की डावा पाय शिवून देईन. पण आधी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तिला म्हणायचं, "ताई, आईचं मशीन वाचवलंत." आवाज मोठा ठेव, टीव्हीचा ठेवतोस तेवढा.

आई