कवीची खुर्ची

आलापल्लीला माझ्या आईला वेल्सहून जोहार.

मी बरी आहे. नर्सची ड्युटी नीट चालू आहे, जेवणही वेळेवर होतं. धानाचा रोवणा आटोपला का? गुडघ्याला तेल लावतेस ना? धाकट्या अतुलला हे पत्र तुला सावकाश वाचून दाखवायला सांग.

इथे ऑगस्टमध्ये वेल्श भाषेचा मेळा भरतो. इंग्रजीपुढे ही भाषा लहानशीच, आपल्या गोंडीसारखी. यंदा मी गेले, तर मंचावर एक कोरीव लाकडी खुर्ची होती. मी शेजारच्या बाईंना विचारलं, "प्रमुख पाहुणे कधी येणार?"

त्या हसल्या. खुर्ची पाहुण्यांची नव्हतीच, ज्याची कविता पहिली आली त्या कवीची होती. तो प्रेक्षकांतच बसला होता. त्याला मानाने नेऊन बसवलं, तेव्हा सगळा मांडव उभा राहिला.

आई, मला हेवा वाटला. आपल्याकडच्या महोत्सवात तू रेला, आपलं गोंडी गाणं, गात होतीस आणि प्रमुख पाहुण्या साहेबांची गाडी आली म्हणून आयोजकांनी तुझ्यापुढचा माईक उचलला. घरी येऊन तू म्हणालीस, "जाऊ दे वं, साहेबाले भूक लागली असंन." आम्ही हसलो. त्यानंतर तू गायलीच नाहीस, असं अतुल सांगतो.

त्या बाईंच्या मांडीवर नात वेल्शमध्ये गुणगुणत होती. तिचाही हेवा वाटला. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या भाषेतलं काही म्हणा." मी तुझा रेला सुरू केला आणि दुसऱ्याच कडव्याला अडले. पुढचं मला येत नाही.

अतुलच्या मोबाइलमध्ये पूर्ण गाऊन पाठव. मधे कोणीही आलं तरी थांबू नको.

तुझ्या आवाजाची वाट पाहणारी,
अन्नपूर्णा