ओनाबे म्हणजे काय

आईस,

वाकून नमस्कार. आपल्या नोशिरो गावचा बर्फ वितळला का? तुझी कंबर कशी आहे? मी वेळेवर जेवतो, काळजी करू नकोस.

तू फोनवर दबक्या आवाजात विचारलंस, "शेजारच्या कुवाबाराबाई म्हणतात, तू तिकडे ओनाबे झालीस. म्हणजे काय गं?" तेव्हा मी विषय बदलला. आज सांगतो.

नाबे म्हणजे आपलं पातेलंच. पण बाईचा जन्म घेऊन पुरुषासारखं राहणाऱ्यांना लोक थट्टेने ओनाबे म्हणतात. आमच्यातले काही जुने लोक तेच नाव मिरवतात. मला ते टोचतं.

मी काम करतो त्या बारमध्ये परवा एक गिऱ्हाईक माझ्यावर ओरडलं, "ए ओनाबे, बिअर आण!" आमचे मालक सेइगोसान तरुणपणापासून पुरुष म्हणून जगलेत, स्वतःला ओनाबेच म्हणवतात. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, ते नाव मी माझ्यासाठी घेतलंय. याचं नाव इत्सुकी."

गिऱ्हाईक ओशाळलं. "इत्सुकीसान, एक बिअर द्या," म्हणालं. मी ग्लास काठोकाठ भरून दिला.

आपल्या धाकट्या कानाएच्या लग्नात घालायला तू मला पाठवलेला किमोनो पोचला. फार सुंदर आहे, तो तिलाच शोभेल. मी काळा सूट घालून येईन. तुला अवघड वाटलं तर मागे बसेन, पण येईन.

पाहुण्यांनी विचारलं तर मुलगी म्हणू नकोस. मुलगा म्हणायला जीभ वळत नसेल, तर तेही राहू दे. "माझं लेकरू आलंय," एवढंच म्हण.

तुझा,
इत्सुकी