झुंबरबाईंचा हात आडवा येतो

ता. श्रीगोंदा
डिसेंबर १९७०

सौ. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद (वयाने तीन वर्षांनी मोठा आहे, एवढ्याच हक्काने देतो; चालवून घे).

इकडे मी खुशाल आहे. खोकला गेला, स्टोव्ह पेटवताना जळालेल्या भुवया परत उगवल्या, आणि माझी भाकरी आता निदान एका बाजूने तरी भाजते. तुझी, तुझ्या शाळेची आणि बेलापूरच्या सर्व मंडळींची खुशाली कळव. सासरेबुवांना साष्टांग नमस्कार. लग्नाला दुसरं वर्ष लागलं तरी आपण दोघांनी जिल्ह्याच्या दोन टोकांना मास्तरकी करत बसायचं, हे आता पुरे झालं, हे तुझं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. म्हणून आधी बदलीचंच सांगतो. विस्तार अधिकारी साहेबांनी शब्द दिला होता की, साक्षरतेच्या सरकारी सिनेमात आपल्या गावाचं काम झकास उतरलं, तर माझी बेलापूरकडे बदली झालीच समजा. आता त्या सिनेमात काय रामायण घडलं ते ऐक.

माझ्या दुपारच्या बायकांच्या वर्गातली एक बाई स्वतःचं पूर्ण नाव लिहिते, एवढंच सिनेमावाल्यांना घ्यायचं होतं. चेहरा नाही, नुसता हात. मी झुंबरबाईंना उभं केलं, कारण वर्गात सगळ्यात ठसठशीत अक्षर त्यांचं. पण बाईंचा जन्म गेला खुरपं धरण्यात. पेनही तसंच धरायच्या, अख्ख्या मुठीत, आणि कागदातून हरळी उपटायची असल्यासारखं लिहायच्या. कॅमेरावाले साहेब आधी पाहणीला आले, भिंगातून बघितलं आणि म्हणाले, मास्तर, मला मूठ दिसते, अक्षर दिसत नाही. पेन जरा वर धरायला शिकवा, मनगट टेकू द्या, हात ओळीच्या खाली राहू द्या. आठवड्यानं येतो.

मग काय, मी हात धुऊन त्या हाताच्या मागे लागलो. तळव्यात लिंबू धरायला लावलं, म्हणजे मूठ वळत नाही. पेनला दोरा गुंडाळला, बोटं त्याच्या वरच राहिली पाहिजेत. (पेन सासरेबुवांनी लग्नात दिलेलं. त्याचं नीब आता वाकडं झालंय. त्यांना सांगू नकोस.) बाईंचे मालक गहिनीनाथ यांनी तर आपलं नाव सिनेमात येणार म्हणून आठवडी बाजारात दवंडीच पिटली, आणि फेटा रंगवून आणला. दिसणार होता बायकोचा हात, पण त्यांना कोण सांगणार! चार-पाच दिवसांत बाईंची बोटं अशी सुरेख बसली की मीच त्यांचं बघून पेन धरायला लागलो. एकच खोड जाईना. स्वतःचं नाव उघडं लखलखीत लिहायच्या, आणि मालकांच्या नावाशी आल्या की हात सरकत सरकत वर चढायचा नि अक्षरं झाकून बसायचा. मी पाट बदलला, उजेडाची बाजू बदलली, कोपराखाली गोधडी दिली. हात आपला आडवाच.

शूटिंगला सगळं गाव लोटलं. बाईंनी झोकात 'झुंबर' लिहिलं. साहेब म्हणाले, वा! आणि लगेच ओरडले, हात! परत पहिल्यापासून. परत हात. फिल्म वाया जायला लागली, विस्तार अधिकारी माझ्याकडे असं बघायला लागले की मला बेलापूर लांब लांब जाताना दिसायला लागलं. मी घाईघाईनं बाईंचं मनगट धरायला वाकलो, तर गावातली पुरुषमंडळी एकदम खोकली. मी हात मागे घेतला. तेवढ्यात कोपऱ्यातून बाईंच्या सासूबाई, रंगुबाई, कडाडल्या, "आवो मास्तर, कवाधरनं त्या हाताच्या मागं लागलाय! हात लई शाना हाय. नवऱ्याचं नाव चारचौघांत उघडं टाकील व्हय ती?"

मी कपाळाला हात लावला. आठवडाभर मी बोटं दुरुस्त करत होतो, आणि दुखणं बोटांत नव्हतंच! साहेब म्हणाले, मग दुसरं काही लिहा. तिकडे गहिनीनाथ रडकुंडीला आले, "आन् मंग आमी फेटा कशापायी रंगिवला?" विस्तार अधिकारी म्हणाले, पूर्ण नावच पाहिजे. मला अचानक सुचलं. म्हटलं, बाई, उखाण्यात घेता की नाही नाव? मग तोंडानं उखाणा घ्या आणि हातानं लिहा. सिनेमात आवाज येणार नाही. बाईंनी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि म्हणाल्या:

"लेखनी धरली बोटांत, मनगट टेकलं पाटाला,
गहिनीनाथरावांचं नाव लिहिते, आता कशाची लाज हाताला!"

आणि काय सांगू मुक्ता, हात ओळीच्या खाली शहाण्यासारखा बसला आणि एकेक अक्षर उघड्यावर आलं. गावानं टाळ्या पिटल्या. गहिनीनाथांनी त्या नव्या फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, माझेही भरून आले. तर काम असं झकास झालं.

तुझाच,
राधाकृष्ण
(हात बाजूला ठेवून लिहिलंय, बघून घे.)

ता. क. विस्तार अधिकारी इतके खूश झाले की म्हणाले, अशा मास्तरला मी या तालुक्यातून हलू देणार नाही. म्हणजे माझी बदली बोंबलली.

आणखी एक ता. क. लगेच डोळ्यांत पाणी आणू नकोस. तेच पुढे म्हणाले की, इथं मुलींच्या शाळेत जागा आहे, तुमच्या मंडळींनाच इकडे घेऊ. फक्त तू अर्ज स्वतःच्या हातानं करायचा आणि त्यात नवऱ्याचं पूर्ण नाव लिहायचं. इथं मी परत कपाळाला हात लावला. तू पाचवीला शिकवणारी मास्तरीण, पण तुझं पत्र 'अहो'वरून पुढे सरकत नाही, आणि पाकिटावर माझं नाव नेहमी सासरेबुवांच्या अक्षरात असतं. तेव्हा पेन जरा वर धर, मनगट टेकव, हात ओळीच्या खाली ठेव. तरीही आडवा आला, तर उखाणा वर दिलाच आहे. गहिनीनाथरावांच्या जागी तेवढं माझं नाव घाल. चुकून त्यांचंच राहिलं, तर ते फेटा बांधून तुला आणायला बेलापूरला निघतील, सांगून ठेवतो.